अंगाला विचारलंस का?

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले शरदकाका गायधनी कपडे उलटे घालतात. चुकून नव्हे हो. रोज, ठरवून, इस्त्री करून. शर्टाची शिवण बाहेर, खिसा आत, आणि बटणं लावताना बोटांची जी कसरत होते ती बघवत नाही. एखादा भला माणूस काळजीने सांगायला जातो, "काका, शर्ट उलटा घातलाय." काका चष्मा सरसावतात. "उलटा कुणाला? तुला, का माझ्या अंगाला?" की झालं सुरू. शिवणीचा काठ कातडीला कसा घासतो, घासलं की कसं लाल होतं, लाल झालं की माणूस कसा खाजवतो आणि खाजवलं की आणखी कसं लाल होतं, यावर भर जिन्यात व्याख्यान. तो भला माणूस पुन्हा कुणाच्या कपड्यांना नावं ठेवत नाही.

मी लेडीज टेलर. इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर, घरातल्याच पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. म्हणजे काकांच्या दारासमोर माझं दार, आणि माझ्या दारात दिवसभर कापड, दोरे आणि कात्र्या. देवाने जोडी कशी जमवली बघा. आल्या आल्या ते माझी छोटी कात्री उचलणार आणि ज्याच्या त्याच्या कॉलरमागचं लेबल कापत सुटणार. माझ्या गिऱ्हाइकांच्या नव्या कोऱ्या ड्रेसची लेबलं या माणसाने कापलीत. त्यातल्या दोघींना ते ड्रेस दुकानात परत करायचे होते! वरच्या मजल्यावरच्या पोराच्या लग्नात तर हे नवरदेवाच्या मागे जाऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, आशीर्वाद देताहेत. कसला आशीर्वाद, शेरवानीचं लेबल उसवत होते. नवरदेव मान वाकडी करून उभा आणि भटजी मंगलाष्टकं थांबवून बघतायत.

"मघापासून मान खाजवत होता तो," काका मला नंतर म्हणाले. "लोकांना वाटलं, पोरगी पसंत नाही."

त्यांची दोन वाक्यं आमच्या बिल्डिंगीत लहान पोरांनाही पाठ आहेत. एक, "आधी कोपर, मग वापर." नवा साबण, नवं क्रीम, केसांचा रंग, काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावायचं आणि दोन दिवस गप्प बसायचं. दुसरं, "अंगाला विचारलंस का?" हे वाक्य कुठेही येतं. कुणी म्हटलं, कढत पाण्याने अंघोळ केली, बरं वाटलं, की "अंगाला विचारलंस का? माणूस आहेस का बटाटा, उकडून निघायला?" कुणी दगडाने अंग घासलं, की "कातडी आहे ती, तवा नाही." पाणी कोमट, अंघोळ झटपट, पंच्याने पुसायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम लावायचं. थंडीत तर दोनदा, कारण नाशिकची थंडी कोरडी. कपडे साबणातून काढले की एकदा खंगाळायचे, मग परत एकदा खंगाळायचे. त्यावरून आमच्या पाण्याच्या टाकीची दरवर्षी मीटिंग होते.

माझ्या एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर बघून तोंडाला बेसन-लिंबू फासलं आणि टोमॅटोसारखी लाल होऊन आली. "नैसर्गिक आहे हो काका, लिंबू तर आहे," ती रडत रडत म्हणाली.

"खाजकुयलीही नैसर्गिकच आहे, बाई. तीही फासशील?"

पण लगेच तिला बसवलं, गार पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं तोंडावर ठेवायला दिलं आणि कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ती मेडिकलमधून कसलीशी ट्यूब आणणार होती, तर हे स्वतः तिच्याबरोबर खाली गेले आणि दुकानदाराशी भांडून आले. "डॉक्टरला न विचारता असल्या ट्यूबा विकतोस? आठवडाभर गोरी दिसेल, मग कातडी पापडासारखी पातळ होईल. येशील का तेव्हा फुंकर घालायला?" तो दुकानदार अजून काका दिसले की शटरआड होतो.

आता तुम्ही म्हणाल, नाजूक कातडीचा माणूस आहे, करेना का बापडा. मीही म्हटलं असतं. पण या माणसाच्या कातडीपायी सुनंदाकाकूंच्या आयुष्याचं मातेरं झालेलं मला बघवत नव्हतं.

सुनंदाकाकू म्हणजे काकांची बायको. नांदगावचं माहेर, आवाज मऊ, चेहरा स्वच्छ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि त्या माऊलीच्या कपाळाला कुंकू नाही! टिकलीही नाही. नवरा धडधाकट जिन्यात व्याख्यानं देतोय आणि बायकोचं कपाळ मोकळं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवायला गेलं की काका दारात आडवे उभे. "कुंकवाचं बोट माझ्या घरात नको. मला सोसत नाही. अत्तर नको, गुलाबपाणी तर नकोच नको." अहो, कुंकू तुम्हाला कोण लावतंय? पण नाही. काकू मागे उभ्या राहून हसायच्या आणि वाण तेवढं घ्यायच्या. बाहेर आलं की बायका सुरू. "हुकूमशहा आहे मेला. बायकोला कुंकू लावू देत नाही, म्हणजे काय?" त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा, खोटं कशाला बोलू.

बरं, नुसतं कुंकू नव्हे. काकूंचे ब्लाऊज मी शिवायची. लांब बाह्यांचे, सुती, आणि शिवण बाहेर! स्वतः उलटा फिरतो तो फिरतो, बायकोलाही उलटं फिरवतो. मापाला काकू कधी यायच्या नाहीत, जुना ब्लाऊज पाठवायच्या. "यांना आवडत नाही," एवढंच म्हणायच्या. कातडीच्या डॉक्टरांकडे जातानासुद्धा काकांना बायको बरोबर लागायची. एवढा बाप्या माणूस, एकटा जायला घाबरतो, म्हणून आम्ही फिदीफिदी हसायचो.

तर अशात एक दिवस मी ब्लाऊज द्यायला गेले होते आणि काकांचे जुन्या नाशकातले मित्र बापू आले. गळ्यात उपरणं, हातात स्टीलचा झाकणाचा डबा. दारातूनच ओरडले, "शऱ्या, आपली रहाड उघडतेय!"

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. जुन्या नाशकात काही चौकांत जमिनीखाली दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्या फळ्या-माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून रिक्षा जातात, कुणाला पत्ताही नसतो. रंगपंचमीला उघडतात, पूजा करतात, फुलं-पाला उकळून केलेला रंग भरतात आणि माणसं वरून त्यात अंग टाकतात. त्या उडीला म्हणतात धप्पा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. काकांच्या आळीतल्या रहाडीचा केशरी. ती कैक वर्षं बंद होती, ती आळीतल्यांनी खटपट करून पुन्हा उघडायची ठरवली होती.

"ताई, तुम्हाला सांगतो," बापू माझ्याकडे वळले, "हा शऱ्या धप्पा मारायचा ना, समोरच्या घराचा वरचा मजला भिजायचा. तिथली आजी शिव्या द्यायला गॅलरीत यायची आणि दुसऱ्या धप्प्यात तीच भिजायची! आळीने ठरवलंय, पहिला धप्पा शऱ्याचा."

मी काकांकडे बघितलं. तो उलट्या शर्टातला माणूस एकदम वीस वर्षांचा दिसायला लागला होता. बापूंनी डब्याचं झाकण काढलं. नमुन्याला उकळलेला रंग होता, मस्त केशरी. काकांनी वास घेतला, बोट पुढे नेलं आणि तसंच मागे घेतलं.

"कातडी, बापू. माझी कातडी."

"अरे, लग्नापर्यंत तर गेंडा होतास तू!"

"लग्नानंतर बिघडली," काका म्हणाले. "सुनंदा, हा डबा मोरीत ओतून ये."

काकूंनी झाकण लावलं. डबा घेऊन आत गेल्या. बापू चहा न पिताच गेले आणि काका खिडकीशी उभे राहिले. इतकी वर्षं मला या माणसाचा राग यायचा, त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं. आता साठी उलटलेली, रहाड परत कधी बंद पडेल याचा नेम नाही. एवढा जीव अडकलाय, आणि हा माणूस काठावरच राहणार.

रंगपंचमीला मी रहाड बघायला निघाले तर काका जिन्यात उभे. अंगात रेनकोट! मार्चचं ऊन, लोक उसाचा रस पितायत आणि हे गळ्यापर्यंत बटणं लावून. "फक्त बघायला येतो," म्हणाले. "लांबून." माझ्या स्कूटरवर मागे बसले. रविवार कारंज्याच्या चौकापासून पुढे सगळे आमच्याकडे बघत होते. मी मान खाली घालून गाडी चालवली.

आळीत ढोल, गर्दी, उकळलेल्या फुलांचा कडसर वास. काका एका बंद दुकानाच्या पायरीवर भिंतीला चिकटून उभे राहिले. बापूंनी दोनदा हाका मारल्या, यांनी दोनदा रेनकोट दाखवला. शेवटी लोक म्हणाले, चला, नव्या जोडप्याने सुरुवात करू. नवरा बापूंचा पुतण्या, महिन्यापूर्वीच लग्न झालेला. आळीत नव्या सुनेला पहिल्या रंगपंचमीला रहाडीत उतरवायची हौस. नवरा हसत हसत आत गेला. पोरगी मात्र काठावर दोन पायांवर बसूनच राहिली. इगतपुरीकडची होती.

"मला नका ना टाकू. मला सोसत नाय. रंग लागला का लय उठतं अंगावर."

सगळे हसले. "अगं, काही होत नाही, फुलांचा रंग आहे!" दोघी-तिघींनी तिच्या दंडाला धरलं. तिची सासू वरमली होती, ती फणकाऱ्याने म्हणाली, "असं काही होतं, तर माहेरच्यांनी आधी सांगायला नको होतं का?"

माझ्या शेजारची पायरी रिकामी झाली.

रेनकोटवाला माणूस गर्दीत कोपरं मारत पुढे घुसला. आपल्या "आधी कोपर"चा असाही वापर होतो हे मला त्या दिवशी कळलं. "तिच्या अंगाला विचारलंत का?" काका ओरडले. ढोल थांबला. "सोडा तिचे हात. सोडा म्हणतो ना!"

"अहो काका, मान असतो. नव्या सुनेची उडी चुकवत नाहीत."

"चुकत नाही. तिच्या वाटची मी मारतो. आहे का कुणाची हरकत?"

"काका, नको!" मी किंचाळले. "अंगाची आग आग होईल तुमच्या!" पण ऐकतंय कोण? ते दोन पावलं मागे गेले, चष्मा माझ्याकडे भिरकावला आणि रेनकोटसकट जे अंग टाकलं! वाऱ्याने रेनकोट फुगला, क्षणभर वाटलं हे वरच राहतात की काय. मग धप्प! समोरच्या घराचा वरचा मजला खरोखर भिजला. गॅलरीतल्या बाई शिव्या देऊ लागल्या आणि बापू रडायलाच लागले. त्या पोरीचा नवरा हौदातून वर आला आणि तिच्याजवळ जाऊन गप उभा राहिला. तिला पुन्हा कुणी ओढलं नाही.

काका पाण्यातून वर आले ते केशरी. दात तेवढे पांढरे. म्हणाले, "बापू, खोली कमी केलीस का रे?"

माझा जीव टांगणीला लागला होता. परत येताना सिग्नलला मी सारखी मागे वळून बघत होते, कुठे पित्त उठतंय का, गळा सुजतोय का. "काका, डॉक्टरांकडे नेऊ का?" तर हे मागे बसून शीळ घालतायत. जिना चढून आलो. स्वतःच्या दाराची बेल वाजवायचं सोडून काका अंग चोरून माझ्या घरात शिरले.

"मंजू, तुझी मोरी कुठे? आधी अंघोळ करतो. असा घरात नाही जायचा."

"थांबा, तुमचा साबण आणते काकूंकडून. माझ्याकडे तो गुलाबाच्या वासाचाच आहे."

"अगं, कुठलाही दे. भांड्यांचा दे. मला काय धाड भरलीये?"

मी तशीच उभी राहिले. काकाही थांबले. हा माणूस, ज्याने माझ्या गिऱ्हाइकाच्या पर्समधलं अत्तर खिडकीतून बाहेर ठेवायला लावलं होतं, तो माझ्याकडे भांड्यांचा साबण मागत होता. आणि अंगावर एक पुरळ नाही. केशरी रंगाखाली कातडी अशी ठणठणीत, की बापूंचा गेंडा आठवला.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला काहीच होत नाही?"

"त्यांना कधीच काही झालं नाही," मागून आवाज आला. समोरचं दार उघडून काकू उभ्या होत्या. "नाजूक कातडी माझी आहे."

"सुनंदा!" काका एकदम दबक्या आवाजात ओरडले आणि जिन्यात कुणी आहे का बघायला लागले.

"पुरे झालं आता," काकू म्हणाल्या आणि माझ्या उंबऱ्यापाशी येऊन सांगायलाच लागल्या. लग्नानंतरची पहिली रंगपंचमी. दीर मंडळींनी हौसेने नव्या वहिनीला धरलं आणि तोंडाला चंदेरी वॉर्निश फासलं. संध्याकाळपर्यंत चेहरा ओळखू येईना. मग कुंकू लावलं की कपाळ चिघळायचं, साबण लावला की हातांना भेगा. सासूबाई म्हणाल्या, रोगी पोरगी गळ्यात बांधली, नांदगावला पोचवून या. ट्रंक भरून दारात ठेवली होती.

"तेव्हा हे पुढे झाले आणि म्हणाले, रोग मला आहे, आई. माझ्या अंगावरून तिला लागला. दुसऱ्या दिवसापासून शर्ट उलटा. जे मला चालत नाही, ते यांना चालत नाही. सासूबाई गेल्या, तेव्हा म्हटलं, आता सांगून टाकू. तर म्हणाले, बिल्डिंगीतल्या बायका काय कमी आहेत का?"

तो टोमणा कुणाला होता हे मला बरोब्बर कळलं. मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी या माणसाला शिव्या घालतेय, आणि सगळ्या फुकट गेल्या. हुकूमशहा म्हणे. बायकोकडे कुणी वळून बघू नये म्हणून हा माणूस सगळ्यांसमोर माकड होऊन नाचत होता, आणि आम्ही टाळ्या पिटत होतो. माझे डोळे भरून आले. आता हे लपवायचं कशाला?

काकू पुढे आल्या आणि काकांच्या गालाकडे बोट नेलं.

"अगं, हात लावू नको! ओला आहे रंग! आधी कोपर..."

काकूंनी लांब बाही वर सरकवली. कोपराच्या आत, जिथे त्यांनी मला कधी टेप लावू दिलेली नव्हती, तिथे एक फिकट केशरी गोल. भोवती लाली नाही, पुरळ नाही, काही नाही.

"बापूंचा डबा मी मोरीत ओतला नव्हता," काकू म्हणाल्या. "दोन दिवस कधीच होऊन गेले. रंगाचा काही दोष नव्हता हो. वॉर्निशचा होता. तुम्ही उगाच रहाडीशी अबोला धरलात."

काकूंनी काकांच्या गालावरचा रंग बोटावर घेतला आणि माझ्या कपड्यांच्या ट्रायलच्या आरशात बघत कपाळाला लावला. छोटासा, टिकलीएवढा. मग वळल्या आणि म्हणाल्या, "दिसतं का बरं?"

काका म्हणाले, "धुऊन टाक गं लगेच," आणि मग भिंतीला कपाळ टेकून डोळे पुसायला लागले. माझी भिंत अजून केशरी आहे. मी रंग देणार नाही तिथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बेल. काका. "मंजू, चल, कपाळ बघ. मला तर काही दिसत नाहीये, पण मी घाबरट माणूस." कपाळ स्वच्छ होतं. काकू हसत होत्या. मग त्या माझ्याकडे आल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ब्लाऊजचं माप अंगावर दिलं. शिवण बाहेरच ठेवायला सांगितली. कातडी थोडीच बदलली होती.

काका दारात उभे. शर्ट उलटाच.

"काका, आता कशाला नाटक? मला सगळं ठाऊक आहे. आता तरी शर्ट सरळ घाला."

"आणि ती?" काका म्हणाले. "ती एकटीच उलटी हिंडेल?"

मी पुरुषांचे शर्ट शिवत नाही. पाटीवर तसं लिहिलंय मोठ्या अक्षरात. तरी काकूंचं माप झाल्यावर मी टेप काकांच्या खांद्याला लावली.